र

फेब्रुवारी आला की एरिकाला चौकीत न्यायचं.
एरिका म्हणजे माझा टाइपरायटर,
नवरा गेल्यावर केलेला एकुलता हट्ट.
बर्फावरून ओढत न्यायचे, पोराच्या लाकडी घसरगाडीवर,
घोंगडीत गुंडाळून.
शेजारीण विचारायची, स्मारांदा, बटाटे मिळाले वाटतं कुठे?
मी म्हणायचे, मिळाले, पण कडू निघाले.

बिस्त्रित्साच्या चौकीत रांग असायची.
कुणाच्या काखेत मशीन, कुणाच्या मांडीवर,
लस टोचायला आणलेल्या बाळांसारखी.
आत सार्जंट कोझ्मा, थंडीने फुटलेल्या बोटांचा.
तो कागद पुढे सरकवायचा:
सगळी मुळाक्षरं, सगळे आकडे,
स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, कंस.
कुणाचं अक्षर कसं पडतं याची सरकारदरबारी नोंद.
उद्या बाकाखाली एखादं पान सापडलं
तर पान बोलणार नाही,
त्याचं वळण बोलेल.

आणि माझ्या एरिकाला तर खोड होती.
तिचा र ओळीत बसायचाच नाही.
केसभर वर, एक पाय उचललेला,
वर्गातून पळायच्या बेतातलं पोर.
दुरुस्त करायचा तर त्याचाही अर्ज,
आणि अर्ज टाइप करायचा तर त्यातही र.

त्या हिवाळ्यात मी एक कादंबरी उतरवत होते.
लेखकाचं नाव माझ्या आधीच कुणीतरी कापून टाकलेलं.
गिरणीवाल्याची मुलगी, एक नदी, एक गळकी होडी.
त्यात सरकार नव्हतं, पुढारी नव्हता, तरी बंदी.
बहुधा नदीमुळे.
नदी म्हटली की पलीकडचा काठ आलाच.

मशीनखाली गादी, दाराला रजई, नळ सोडून ठेवलेला.
दहाला पाणी जायचं, मग मीही थांबायचे.
एका वेळी सात प्रती. पहिली ठसठशीत,
सातवी इतकी पुसट की बोटांनी वाचावी.
त्या सातवीचीच बावन्न पानं
क्लुजच्या गाडीत पकडली गेली, एका विद्यार्थ्याच्या बुटात.
त्याने माझं नाव सांगितलं नाही.
त्याचं नाव मला अजून माहीत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत कोझ्माने माझा नमुना उजेडाकडे धरला.
बराच वेळ.
मग, माझ्याकडे न बघता, अगदी हळू:
"बावन्नाव्या पानानंतर काय होतं?
ती ओलांडते का नदी?"

माझ्या बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर ओघळत होतं.
बाहेर कुणाचं तरी मशीन टिंग करून ओळीच्या टोकाला पोचलं.
सापळा असेल. नसेलही.
हा माणूस वर्षभर त्या काठावर उभा असेल,
होडीत एक पाय टाकून;
किंवा शेजारच्या खोलीत दुसरा कुणी, भिंतीला कान लावून.
मी म्हणाले, साहेब, मी पाणीपट्टीची बिलं टाइप करते.
मला गोष्टी येत नाहीत.
तो म्हणाला, बरं.
आणि शिक्का मारला. नेमका र वर.
मुद्दाम मारला की हात चुकला,
हे मी आजवर कितीदा तरी दोन्ही बाजूंनी ठरवलं.

आता चौकीत दातांचा दवाखाना आहे.
कोझ्मा आधीच गेला, राजवट पडायच्या दोन वर्षं आधी, यकृताने म्हणे.
परवा ती कादंबरी दुकानात दिसली, छापील,
लेखकाच्या नावासकट, सवलतीच्या टोपलीत.
उघडून पाहिली. बावन्नाव्या पानावर भलतंच काही होतं,
होडीला अजून डांबरही लावलेलं नव्हतं.

घरी येऊन एरिका कपाटावरून उतरवली.
नळ सोडायला हात गेला, सवयीने.
मग एकच ओळ टाइप केली, एकच प्रत:
ओलांडते, सार्जंट.
कागद काढला. पत्ता काय घालावा ते सुचेना.
र तसाच. केसभर वर.